मेंदूतली अरुंद धमनी आणि रक्ताचे रिपोर्ट: कोणत्या आकड्याला किती किंमत द्यायची?

शरयू_नाशिक

लकव्यानंतरच्या फाइलमध्ये हल्ली एक वाक्य हमखास दिसतं: मेंदूतली अमुक धमनी इतके टक्के अरुंद. त्यावर घरच्यांचा प्रश्नही ठरलेला. "दर वेळी एमआर अँजिओ (धमन्यांचा एमआरआय) परवडत नाही. नस आणखी बंद होत चाललीय का, हे सांगणारी रक्ताची एखादी तपासणी नाही का?" इथे हा प्रश्न चार-पाच धाग्यांवर विखुरलेला आहे, म्हणून एका जागी लिहिते. मी हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये नोकरी केली आहे आणि माझ्या धाकट्या दिरांना याच कारणाने मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊन गेला आहे. त्यामुळे रिपोर्ट तयार करणं आणि तो हातात पडल्यावर घाबरणं, दोन्ही मला जवळून माहीत आहे.

उत्तर आधी देते: अशी एकही रक्ततपासणी आज नाही. अरुंदपण दिसतं ते एमआर अँजिओत, सीटी अँजिओत किंवा कॅथेटर घालून केलेल्या डीएसएत. डोक्यावरून केलेल्या डॉपलरमध्ये रक्ताच्या वेगावरून अंदाज येतो. रक्तातले आकडे वेगळंच काही सांगतात. धमनीची भिंत कशामुळे बिघडली असावी आणि ती आणखी बिघडावी अशी परिस्थिती रक्तात अजून आहे का, एवढंच. टाकीतलं पाणी तपासून घरातला कुठला पाइप गंजलाय ते सांगता येत नाही, तसंच हे. रक्त सगळीकडे तेच फिरतं, पण थर साचतो तो ठरावीक जागी.

आता या जागेविषयी. मानेतून वर गेलेल्या चार धमन्या कवटीच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जाऊन एक वर्तुळ तयार होतं. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं वर्तुळ. तिथून निघणाऱ्या मोठ्या शाखांमध्ये, विशेषतः मिडल सेरेब्रल आर्टरीत, चरबी आणि चुन्याचा थर बसतो. गोऱ्या युरोपीय वंशाच्या रुग्णांत कवटीच्या आतल्या अरुंदपणामुळे येणारे झटके साधारण ८ ते १० टक्के धरले जातात, आशियाई रुग्णांत हेच प्रमाण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या नोंदींतही मानेतल्या धमन्यांपेक्षा कवटीतल्या धमन्यांचाच आजार जास्त आढळला. म्हणून "मानेचा डॉपलर क्लीन आलाय" एवढ्यावर आपल्याकडे निर्धास्त होऊ नये.

या आतल्या धमन्यांची भिंत पातळ असते. बाहेरचं आवरण नावापुरतं, आणि भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या जवळजवळ नसतात. हृदयाच्या धमन्यांपेक्षा इथे थर उशिरा बसतो. मधुमेह आणि जुनं ब्लडप्रेशर असेल तर मात्र तो लवकर गाठतो.

संशोधनात या आजाराशी संबंध दिसलेले पदार्थ बरेच आहेत: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), अपोलायपोप्रोटीन बी, लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच एक कण), एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा आकडा), होमोसिस्टीन (बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की वाढणारं अमिनो आम्ल), फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन), पीएआय-१, अडिपोनेक्टिन. यादी लांब आहे आणि लॅबच्या पॅकेजमध्ये ती आणखी लांब होते. मी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारते. हा आकडा वाईट आला तर उपचार बदलणार आहे का? आणि बदलल्याने पुढचा झटका टळतो हे कुणी दाखवलंय का?

या परीक्षेत सगळ्यात पुढे आहे तो जुनाच एलडीएल. फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या २८६० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निकाल २०२० साली आले. हे सगळे झटका किंवा छोटा झटका येऊन गेलेले, धमन्यांत थर असल्याचा पुरावा असलेले लोक. एका गटाचा एलडीएल ७० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा ९० ते ११० च्या दरम्यान. पुन्हा झटका, हार्ट अटॅक वगैरे मोठ्या घटना पहिल्या गटात ८.५ टक्के आणि दुसऱ्यात १०.९ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि तो साध्या गोळीने मिळतो.

एचएस-सीआरपीची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. बार्सिलोनाच्या व्हाल द'एब्रॉन रुग्णालयातल्या गटाने २००३ साली दाखवलं की कवटीतली धमनी अरुंद असलेल्या ज्या रुग्णांचा सीआरपी जास्त होता, त्यांना पुढचे झटके जास्त आले. पाच वर्षांनी त्याच गटाला असंही दिसलं की सीआरपी आणि पीएआय-१ जास्त असलेल्यांचं अरुंदपण वाढत गेलं. पीएआय-१ म्हणजे रक्ताची गुठळी विरघळण्याच्या कामात आडवा येणारा पदार्थ. म्हणजे भिंतीतली सूज आणि गुठळी न विरघळणं, या दोन्हींचा हात असावा. मग सूज उतरवून पाहूया, हा विचार साहजिक. चीनमध्ये सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या आठ हजारांवर रुग्णांना झटक्यानंतर तीन महिने कोल्चिसिन देऊन पाहिलं. २०२४ साली निकाल आला: पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ६.३ टक्के विरुद्ध ६.५ टक्के. फरक नाही. संबंध दिसणं वेगळं आणि त्या धाग्याला धरून आजार मागे ओढता येणं वेगळं.

होमोसिस्टीनचंही असंच आहे, आणि हा तर आपल्या घरचा प्रश्न. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त निघालं. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण. पण झटका येऊन गेलेल्यांना व्हिटॅमिन देऊन होमोसिस्टीन उतरवलं, तर पुढचे झटके कमी होतात का? २००४ आणि २०१० साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, दोन्हींत ठोस फायदा दिसला नाही. चीनमध्ये मात्र २०१५ साली, ब्लडप्रेशर असलेल्या पण झटका न आलेल्या वीस हजारांवर लोकांत फोलिक ॲसिडने पहिला झटका कमी झालेला दिसला. तिथल्या आहारात फोलेटची मुळात कमतरता होती.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा. रिपोर्टचे फोटो टाकताना नाव, मोबाइल नंबर झाकून टाका.

मिलिंद_सातारा

शरयूताई, फार गरजेचा धागा. वडील ६८ वर्षांचे, मार्चमध्ये उजव्या हाताला लकवा, आता बऱ्यापैकी हात चालतो. डाव्या मिडल सेरेब्रलमध्ये अरुंदपण आहे. कालच्या रिपोर्टमध्ये एलडीएल ८८. शेजारी छापलंय "१०० पेक्षा कमी: उत्तम". आकडा ठळकही केलेला नाही. आमचे काका म्हणतात, आता नॉर्मल आलंय तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा, लिव्हर खराब होते. वडिलांनाही ती बंदच करायची आहे. काय सांगू?

शरयू_नाशिक

मिलिंद, काकांना हा धागा वाचून दाखवा. रिपोर्टवर छापलेली रेंज सगळ्यांसाठी सारखी असते. ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्यासाठी ८८ छान. मेंदूतली धमनी अरुंद असून झटका येऊन गेलेल्या माणसासाठी लक्ष्य ७० च्या खाली. लॅबच्या कॉम्प्युटरला तुमच्या वडिलांची एमआर अँजिओ माहीत नसते, म्हणून तो आकडा ठळक करत नाही. आणि ८८ आलाय तो गोळी चालू आहे म्हणून आलाय. बंद केलीत की काही आठवड्यांत मूळ जागी जाईल.

लिव्हरची भीती वाटत असेल तर एसजीपीटी करून घ्या. थोडं वर असणं हे गोळी थांबवण्याचं कारण नसतं. वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं तर डॉक्टर विचार करतात. डोस वाढवायचा की सोबत एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी द्यायची, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. परस्पर काही बंद करू नका.

डॉ_अभिजित_न्यूरो

धागाकर्तीचं मांडणं नेमकं आहे. ओपीडीतून थोडी भर घालतो.

नातेवाईक दुसरा प्रश्न विचारतात तो स्टेंटचा. "हृदयात टाकतात, मग डोक्यात का नाही?" अमेरिकेत २०११ साली ७० ते ९९ टक्के अरुंदपण असलेल्या रुग्णांवरची एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्टेंट टाकलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना महिन्याभरात झटका आला किंवा मृत्यू झाला. फक्त औषधं आणि पथ्य असलेल्या गटात हे प्रमाण ५.८ टक्के होतं. या औषधवाल्या गटाला काय दिलं ते लक्षात घ्या: दोन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ९० दिवस, नंतर एकच. एलडीएल ७० च्या खाली. वरचं ब्लडप्रेशर १४० च्या खाली, मधुमेह असेल तर १३० च्या. सिगारेट बंद, चालणं सुरू. आजही उपचाराचा कणा हाच आहे. चीनमधून २०२४ साली फुग्याने धमनी हळूच, पूर्ण न ताणता रुंद करण्याच्या पद्धतीचे चांगले निकाल आले आहेत, पण ते निवडक रुग्णांत आणि सराईत हातांनी केलेले. पहिला उपाय म्हणून नाही.

मी रक्तात काय बघतो? लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी, क्रिएटिनिन, सीबीसी. लायपोप्रोटीन ए आयुष्यात एकदा. बी१२ बहुतेक सगळ्यांचं, कारण आपल्याकडे कमी निघतंच. तरुण रुग्ण असेल तर यादी वेगळी, त्यात अनेक दुर्मिळ कारणं शोधावी लागतात. बाकी मार्कर संशोधनासाठी मोलाचे आहेत, पण त्यावरून माझं प्रिस्क्रिप्शन बदलत नाही.

एक जनुकीय तपासणी इथे उल्लेखायला हवी. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं औषध यकृतात गेल्यावर कामाचं होतं आणि ते काम करणारं एन्झाइम काहींमध्ये मंद असतं. भारतीयांत असे लोक बरेच आहेत. २०२१ साली चीनमधल्या चाचणीत अशा लोकांना त्याऐवजी टिकाग्रेलॉर दिल्यावर तीन महिन्यांतले नवे झटके ७.६ वरून ६ टक्क्यांवर आले. गोळ्या नियमित घेऊनही पुन्हा झटका आला, तर मी ही तपासणी सुचवतो.

स्मिता_डोंबिवली

मला इथे मनातलं लिहायचंच आहे. सासूबाईंना झटका आला तेव्हा एका लॅबचा माणूस थेट वॉर्डमध्ये येऊन "स्ट्रोक प्रोफाइल" विकून गेला. भली मोठी यादी, भलं मोठं बिल. रिपोर्टमध्ये सीआरपी ४१, होमोसिस्टीन जास्त, फायब्रिनोजेन जास्त, सगळं लाल अक्षरात. आम्ही रात्रभर ते लाल आकडे गुगल करत बसलो. त्याच वेळी त्यांना लघवीचं इन्फेक्शन होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. एकाही आकड्यावरून औषध बदललं नाही. घाबरलेल्या माणसांच्या घबराटीवर असा धंदा करणं मला फार चुकीचं वाटतं.

शरयू_नाशिक

स्मिता, तुमचा राग अगदी रास्त आहे. झटक्याच्या पहिल्या दिवसांत सीआरपी आणि फायब्रिनोजेन वर जातातच. मेंदूचा भाग मेला की शरीर त्याला प्रतिसाद देतं. वर इन्फेक्शन असेल तर ४१ ला धमनीच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही. एचएस-सीआरपीची सगळी गंमत १ च्या खाली, १ ते ३ आणि ३ च्या वर या बारीक फरकात आहे. माणूस बरा असताना, सर्दी-खोकला नसताना, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा केला तरच तो वाचावा. साखरही त्या दिवसांत ताणाने वाढते, म्हणून एचबीए१सी बघतात.

होमोसिस्टीनविषयी आतली गोष्ट सांगते. रक्त काढल्यावर नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवायची असते आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करायचा असतो. आमच्याकडे सकाळच्या होम कलेक्शनचे सॅम्पल यायचे. मुलगा सहाला निघालेला, दहा घरं करून साडेनऊला पोचायचा, जांभळ्या टोपीच्या नळ्या रॅकमध्ये उभ्या, आइस पॅक कधीच कोमट झालेला. एप्रिलमध्ये तर हात लावला की नळी गरम लागायची. तशा नळीतलं होमोसिस्टीन १८ आलं तर ते माणसाचं की त्या साडेतीन तासांचं, हे कुणी सांगू शकत नाही. मी असे सॅम्पल परत पाठवत असे आणि त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. ही तपासणी करायचीच असेल तर लॅबमध्ये जाऊन रक्त द्या आणि नळी बर्फात जातेय ना, ते बघा.

मृण्मयी_एडिसन

मी न्यू जर्सीत असते, आई सांगलीत. आईला झटका आल्यावर इथल्या डॉक्टरांनी माझं लायपोप्रोटीन ए केलं, १६० नॅनोमोल आलं. मग आईचं सांगलीत करायला सांगितलं, तर रिपोर्ट आला अपोलायपोप्रोटीन ए१ चा! फॉर्मवर कुणीतरी भलत्याच चौकटीत खूण केली होती. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ७४ मिलिग्रॅम आलं. माझं १६० आणि आईचं ७४, म्हणजे माझं दुप्पट का? आणि यावर औषध काय?

डॉ_अभिजित_न्यूरो

मृण्मयीताई, दोन्हींची एककं वेगळी आहेत. नॅनोमोलमध्ये साधारण १२५ आणि मिलिग्रॅममध्ये ५० च्या वर गेलं की ते जास्त धरतात. एकातून दुसऱ्यात नेमका गुणाकार करून जाता येत नाही, कारण या कणाचा आकार माणसागणिक बदलतो. तुमचं आणि आईंचं, दोघींचंही जास्त आहे, एवढंच म्हणता येईल.

१९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हा कण शोधला. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, आहार आणि चालण्याने ती फारशी हलत नाही, म्हणून एकदा तपासली की पुरे. दक्षिण आशियाई लोकांत ती युरोपीयांपेक्षा जास्त आढळते. ती उतरवणारी औषधं चाचण्यांत आहेत. तोवर करायचं ते हे: जे हातात आहे ते जास्त कडक पाळायचं. आईंचा एलडीएल ७० च्या खाली हवाच, आणि तुम्ही आजपासून ब्लडप्रेशर आणि एलडीएलकडे लक्ष ठेवा. भावंडांनाही एकदा तपासायला सांगा.

पैठणकर

डॉक्टरसाहेब, स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल) मनात शंका आहे ती मोकळेपणाने विचारतो. लसूण, जवस, मेथी, ओट्स यांनी एलडीएल उतरतो असं वाचलं आहे. माझा १४२ होता, तीन महिने पथ्य पाळून १२६ वर आणला. मग जन्मभर गोळी कशाला? आणि या गोळीने मेंदूत रक्तस्राव होतो असंही ऐकलं.

डॉ_अभिजित_न्यूरो

पैठणकर काका, १४२ वरून १२६ हे मेहनतीचं फळ आहे, पथ्य सोडू नका. पण झटका येऊन गेला असेल आणि धमनी अरुंद असेल, तर १२६ वरून ७० पर्यंतचं अंतर जवसाने कापलं जात नाही.

रक्तस्रावाचं ऐकलंत ते निराधार नाही. २००६ सालच्या ४७३१ रुग्णांच्या चाचणीत ॲटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम दिलेल्यांत पाच वर्षांत झटके १३.१ वरून ११.२ टक्क्यांवर आले, आणि त्याच वेळी रक्तस्रावाचे झटके ३३ वरून ५५ झाले. एकूण हिशेब फायद्याचाच राहिला. ज्याला पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालाय, त्याच्याबाबतीत आम्ही वेगळा विचार करतो. ब्लडप्रेशर ताब्यात ठेवलं की ही जोखीम बरीच खाली येते. तुमचा झटका कोणत्या प्रकारचा होता ते फाइलमध्ये बघून कळवा.

पैठणकर

गुठळीचा होता. एमआरआयमध्ये बेसिलर आर्टरी ६० टक्के लिहिलंय. पुढच्या भेटीत गोळीविषयी नीट बोलून घेतो. समजावून सांगितल्याबद्दल आभार.

निशिगंध_लातूर

उत्तम चर्चा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न बी१२ चा. मी पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बारा वर्षं. छोटा झटका आला, तासाभरात वाचा परत आली. बी१२ १४०, होमोसिस्टीन ३२. धाग्यात लिहिलंय की व्हिटॅमिनचा फायदा दिसला नाही. मग बी१२ घेऊ नको का?

शरयू_नाशिक

घ्यायचंच आहे! चाचण्यांत फायदा दिसला नाही तो "दुसरा झटका टाळण्यासाठी सरसकट सगळ्यांना व्हिटॅमिन" याचा. तुमची कमतरता हा स्वतंत्र आजार आहे. शाकाहार आणि मेटफॉर्मिन, दोन्हींनी बी१२ कमी होतं. ते भरून काढलं नाही तर हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, आणि रक्ताची कमतरता. नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

एक महत्त्वाचं. बी१२ किंवा लोह कमी असताना एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. त्यावरून साखरेचं औषध वाढवण्याआधी घरच्या ग्लुकोमीटरवरचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे डॉक्टरांना दाखवा. आणि वाचा तासाभरात परत आली म्हणून हे प्रकरण हलकं समजू नका. छोट्या झटक्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात. डोक्याच्या धमन्यांची तपासणी झाली नसेल तर लगेच करून घ्या.

तेजश्री_पर्वरी

गोव्यातून वाचते आहे. बाबांना आता चार महिने झाले. कोणती तपासणी किती दिवसांनी, एवढं सांगाल का? आम्ही दर महिन्याला सगळंच करत बसलोय आणि बाबा सुईला कंटाळले आहेत.

डॉ_अभिजित_न्यूरो

दर महिन्याला काहीच लागत नाही. स्टॅटिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, लक्ष्य गाठलं की सहा महिने ते वर्षाने. एचबीए१सी साखर ताब्यात येईपर्यंत तीन महिन्यांनी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी केलेला आकडा अर्धवट माहिती देतो. सीआरपी, फायब्रिनोजेन वगैरे पुन्हा करायची गरज नाही. एमआर अँजिओ कधी, ते बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टना ठरवू द्या.

सुईचा वाचलेला वेळ ब्लडप्रेशरला द्या. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, दोनदा मोजून वहीत लिहा. पुढच्या भेटीला वही नेताना मशीनही सोबत न्या, दवाखान्यातल्या मशीनशी एकदा ताडून बघता येईल.